‘अनैच्छिक मनुष्यवध’ चालेल का?

सिंहगडरोड: इंग्लंडमधल्या एका खटल्यावरच्या माहितीपटाचं मराठी करतेय. बारबाहेर बाचाबाची, एकाने ठोसा मारला, दुसरा फुटपाथच्या कडेवर डोकं आपटून गेला. आरोप ‘इन्व्हॉलंटरी मॅन्स्लॉटर’. मी ‘अनैच्छिक मनुष्यवध’ लिहिलं, संपादकांनी ते खोडून ‘सदोष मनुष्यवध’ केलं. मला पटत नाहीये.

मुठाकाठ: ताई, ‘अनैच्छिक’ नकोच. शाळेत अनैच्छिक स्नायू शिकलो ते आपसूक हलणारे. इथे ठोसा ठरवून मारलाय, मरण तेवढं ठरवलेलं नव्हतं.

जुना वकील: संपादकांचंही चुकलंय. आपल्याकडे सदोष मनुष्यवधात खूनसुद्धा येतो. पेपरात येतो तो ‘खून न ठरणारा सदोष मनुष्यवध’: जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०४, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १०५. त्याला जीव घेण्याचा किंवा जीवघेण्या दुखापतीचा इरादा, निदान जीव जाईल याची जाणीव लागते. नुसता निष्काळजीपणा असेल तर जुनं ३०४ अ, आता १०६. कमाल शिक्षा २ वर्षांची ५ झाली. इंग्लंडच्या ‘इन्व्हॉलंटरी मॅन्स्लॉटर’ या एका नावाखाली बेकायदा कृत्यातून ओढवलेला मृत्यूही येतो आणि घोर निष्काळजीपणाही. मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगर पोर्शे कार अपघातात आधी ३०४ अ लागलं, मग ३०४. तेव्हा पुण्यात चहाच्या टपरीवरही हा फरक बोलला जात होता.

पेठकरी: मुळात ‘वध’ कशाला? वध कंसाचा, अफझलखानाचा. गाडीखाली सापडलेल्याचा कसला वध? ‘हत्या’ म्हणा.

मुठाकाठ: हत्येत तर हेतू आलाच!

पेठकरी: आणि ‘सदोष’ हे यंत्राचं विशेषण. निर्दोष मनुष्यवध असतो का?

जुना वकील: असतो. स्वसंरक्षणात घडलेला. म्हणून तर ‘सदोष’ म्हणावं लागतं. शंभरदा कोर्टात वापरलेला शब्द असा मोडीत काढू नका.

कर्वेनगर: माझ्या वडिलांना टेम्पोने उडवलं. फिर्यादीत होतं, ‘हयगयीने व अविचाराने भरधाव चालवून’. पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून मी ती ओळ तीनदा वाचली. दूध उतू गेलं की आजी म्हणायची, ‘हयगय केलीस’. तोच शब्द. अजून तो मला घरात चालत नाही.

मुठाकाठ: वाईट वाटलं वाचून. पण ताई, तुमच्या ठोशाला ‘हयगय’ लागू होणार नाही.

पेठकरी: हयगय ही ‘गय करणे’तलीच. स्वतःची गय केली की कामात हयगय होते.

जुना वकील: मग ‘हय’ कुठून आला?

पेठकरी: जोडशब्द आहे तो, अघळपघळसारखा.

जुना वकील: मला नाही पटत. ‘हय’ म्हणजे घोडा, लगाम सैल सोडलेला.

सिंहगडरोड: उद्या फाईल द्यायचीय. ‘हेतूविना मनुष्यवध’ लिहू का?

पेठकरी: घोड्याचा इथे काहीएक संबंध नाही, वकीलसाहेब.