बोलून टाइप करावं लागतं म्हणून मनातलं लिहिता येत नाही. व्हीलचेअरवरच्या गे मुलाने ग्रुपपर्यंत पोचायचं कसं?

कोयनाकाठ लिहितो:

नमस्कार. आत्ता घरात कोणी नाहीये, आई दळण आणायला गेलीय आणि दादा दुकानावर, म्हणून पटापट बोलून लिहितोय, कुठे चुकलं तर समजून घ्या.

मी २६ वर्षांचा, कराडजवळच्या गावात राहतो. १९ व्या वर्षी बाइकचा अपघात झाला, मानेच्या मणक्याला मार लागला, तेव्हापासून व्हीलचेअर. हात उचलता येतात पण बोटांत पकड नाही. जेवण, कपडे, आंघोळ, लघवीची नळी, सगळं आई नाहीतर दादा करतो. गल्लीतल्या पोरांच्या दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतो, तोंडी सांगतो आणि पोरं फळ्यावर लिहितात, त्यात माझा खर्च भागतो.

मी गे आहे. हे मला अपघाताच्या आधीपासून माहीत होतं, कॉलेजात एकावर जीव होता, त्यालाही कळलं होतं बहुतेक. अपघातानंतर सगळ्यांनी धरूनच टाकलं की आता याचा हा विषय संपला. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी लग्न, मूलबाळ वगैरेबद्दल दादाला बाहेर बोलावून सांगितलं, मला नाही. मी शेजारच्या कॉटवर होतो, सगळं ऐकू येत होतं.

आता मुद्दा. मी मोबाइलवर जे काही लिहितो ते बोलून लिहितो. म्हणजे कुणाला साधं ‘तू आवडतोस’ लिहायचं तरी ते घरात मोठ्याने म्हणावं लागतं. माझ्या खोलीला दार नाही, पडदा आहे, कारण रात्री कूस बदलून द्यायला आई दोनदा उठून येते, नाही बदलली तर पाठीला जखमा होतात. त्यामुळे माझा एकांत म्हणजे आईचं दळण आणि मंगळवारचा देवळातला तास, एवढाच.

पुण्यात गे लोकांचा एक ग्रुप महिन्यातून एकदा भेटतो. त्यांना विचारलं तर जागा दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. ते म्हणाले, ‘अरे ये ना, आम्ही चौघं उचलून नेऊ.’ माणसं चांगली आहेत पण मला गोणीसारखं उचलून घ्यायचं नाहीये, आणि पहिल्याच भेटीत तर अजिबातच नाही. शिवाय तिथवर न्यायला दादाच लागणार. ओगलेवाडी स्टेशनला गाडीत चढवायला तो, पुण्यात उतरवायला तो, मग त्याला काय सांगू कुठे चाललोय? अपंगांच्या एका व्हॉट्सॅप ग्रुपवर एकदा नुसतं विचारलं की आपल्यात कोणी गे आहे का, तर ॲडमिनने मेसेज उडवला आणि मला खाजगीत लिहिलं की इथे बायकापण आहेत.

मला विचारायचंय की घरच्यांच्या हातावर जगणारा माणूस घरच्यांपासून स्वतःचं असं काही ठेवू शकतो का? कुणी ठेवलंय का? कसं? आणि दादाला सांगावं का?

---

डोंबिवली स्लो:

मित्रा, तुझा फोन तुझं बोलणं ऐकतो आणि माझा फोन मला सगळं मोठ्याने वाचून दाखवतो. दुखणं एकच आहे.

मी जन्मापासून अंध, ३४ वय, बँकेत आहे. हॉस्टेलला असताना इयरफोनची पिन निसटली आणि टॉकबॅकने, म्हणजे फोनमधल्या वाचून दाखवणाऱ्या सोयीने, एका मुलाचा मेसेज अख्ख्या खोलीला ऐकवला, त्या मराठी-इंग्लिश मिसळलेल्या यांत्रिक आवाजात. मी काही सांगायच्या आतच सगळ्यांना कळलं होतं. पुढचे सहा महिने वाईट गेले, त्यात जात नाही. आता एकाच कानात इयरफोन आणि टॉकबॅकमधली स्क्रीन काळी ठेवायची सेटिंग चालू, म्हणजे शेजारच्याला काही दिसत नाही.

डेटिंग ॲपवर निम्मी बटणं ‘अनलेबल्ड, अनलेबल्ड’ अशीच बोलतात, म्हणजे बटण कशाचं ते कळतच नाही. कुणी फोटो पाठवला तर तो दुसऱ्या कुणाकडून समजून घ्यावा लागतो, आणि तो दुसरा कोण यावर सगळं अवलंबून. अंध आहे म्हटलं की बरेच जण गायब होतात. काहींचा प्रश्न ठरलेला, तुला दिसत नाही मग मुलगे आवडतात हे कळलं कसं? कसं म्हणजे? आवाजावरून, हात हातात घेतला की, शर्टाच्या घामावरून, कोण कसा हसतो त्यावरून. डोळेवाल्यांनाही त्यातच कळतं बहुतेक, फक्त ते श्रेय डोळ्यांना देतात.

दादाला सांगायचं की नाही यावर माझं एकच म्हणणं आहे, गाडीत चढवायला तो लागतो म्हणून सांगू नकोस. ज्या दिवशी नाही म्हणायचीही सोय असेल त्या दिवशी सांग. तोवर ऑनलाइन लोकांशी बोल, कानात इयरफोन घालून ऐकायला तर कुणी अडवत नाही. मुंबईची रायझिंग फ्लेम ही संस्था निधी गोयलनी २०१७ मध्ये सुरू केली, त्या स्वतः अंध आहेत आणि अपंगत्व, बाईपण, लैंगिकता यावर उघड बोलतात. रिव्हायव्हल डिसॅबिलिटी म्हणून क्विअर आणि अपंग मुलामुलींनीच चालवलेलं एक मासिक आहे, ते बरंचसं इंग्रजीत आहे पण वाच. मला पहिल्यांदा तिथेच वाटलं होतं की आपण एकटे नाही.

---

हातमाग:

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणून आधी हाताचंच विचारते. बोटांत पकड नाही पण मनगट वर उचलता येतं का? येत असेल तर तळहाताला बांधायचा एक पट्टा मिळतो, युनिव्हर्सल कफ म्हणतात, वेल्क्रोचा असतो आणि आत एक छोटा खिसा. त्या खिशात चमचा घातला की जेवता येतं, ब्रश घातला की दात घासता येतात, आणि टचस्क्रीनचं स्टायलस घातलं की न बोलता टाइप करता येतं. तुझ्या गावचा शिंपीसुद्धा शिवून देईल. एक लक्षात ठेव, साध्या स्टायलसची धातूची दांडी कातडीला टेकलेली हवी, नुसती कापडात राहिली तर स्क्रीन दाद देत नाही. दांडीला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून त्याचं टोक तळहाताला लागेल असं ठेवलं तरी काम होतं. पहिले आठ-दहा दिवस खांदा दुखेल, अक्षरं चुकतील, सोडू नकोस.

सात वर्षांत हे तुला कुणी दाखवलं नाही याचं मला फार वाईट वाटलं. दवाखान्यात आम्ही विचारतो की जेवतोस का, बसतोस का, पण एकांत मिळतो का हे कुणी विचारत नाही.

आणि डॉक्टरांनी जे दादाला सांगितलं ते तुला समजायला हवं होतं, तू तेव्हाही सज्ञान होतास. मणक्याच्या मारानंतर संवेदना, उत्तेजना, सुख हे सगळं संपत नाही, बदलतं, प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि रिहॅबच्या डॉक्टरांना हे सरळ विचारायचा तुला हक्क आहे. एक धोका मात्र माहीत असू दे. मानेचा किंवा छातीच्या वरच्या भागातला मार असेल तर संभोगाच्या वेळी, किंवा नळी तुंबली तरी, अचानक डोकं ठणकणं, घाम फुटणं, बीपी चढणं होऊ शकतं. तसं झालं तर लगेच थांबायचं, सरळ बसायचं, नळी बघायची आणि उतरलं नाही तर दवाखाना गाठायचा. जोडीदार होईल तेव्हा त्यालाही हे आधीच सांगून ठेव.

---

२२ वर्षे या कामात:

मला हे लिहायला अवघड जातंय. या मुलाबद्दल सहानुभूती आहे, पण मी इतकी वर्षं अपंगांच्या संस्थेत काम करतो. आमची निम्मी ताकद युडीआयडी म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, संजय गांधी निराधारचे पैसे आणि सिव्हिलच्या चकरा यातच जाते. खेड्यातले आईवडील मोठ्या मुश्किलीने मुलींना शिबिराला पाठवतात. तिथे आम्ही समलिंगी वगैरे विषय काढले तर उद्यापासून पाठवणं बंद करतील. मग त्या मुलीचं शिक्षण, पायाला लावायचं कॅलिपर, नोकरी सगळंच राहिलं. व्हॉट्सॅपच्या त्या ॲडमिनचीही हीच अडचण असेल. आधी पोटापाण्याचं होऊ द्या, हे प्रश्न नंतरही घेता येतील असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

---

गोदाकाठची:

सर, तुमच्या शिबिरात येणाऱ्या त्या मुलींपैकीच मी एक होते. तुमच्याच संस्थेच्या नाही, पण तशाच. दीड वर्षाची असताना पोलिओ, डाव्या पायात कॅलिपर, नाशिक जिल्ह्यातलं गाव. संस्थेने शिकवलं, वकील झाले, त्याचं ऋण मानते. पण त्याच हॉस्टेलवर माझं एका मैत्रिणीशी जुळलं तेव्हा वॉर्डनबाईंनी दोघींच्या घरी फोन केले आणि तिला तिच्या घरच्यांनी नेलं ते परत पाठवलंच नाही. तिचं शिक्षण तिथेच थांबलं. तेव्हा विषय काढला नाही तर मुली शिकतात असं नाही सर, विषय काढायला जागा नव्हती म्हणून एक मुलगी घरी गेली. ‘नंतर’ म्हणता म्हणता माझी ती चाळिशीला आली.

कोयनाकाठ, तुला कायद्याचं थोडं सांगते, रागावून नाही, उपयोगी पडेल म्हणून. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात कलम ५ आहे, अपंग माणसाला समाजात राहायचा हक्क आहे आणि अमुकच ठिकाणी, अमुकच व्यवस्थेत राहा अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. कलम ७ छळ आणि हिंसेबद्दल आहे, त्याची तक्रार कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे होते, म्हणजे आपल्याकडे तहसीलदारांकडेही जाता येतं. तुझे घरचे तसे नाहीत असं दिसतंय, पण वाचणारा दुसरा कोणी तशा घरात असू शकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर लैंगिक कल आणि अपंगत्व ही दोन्ही कारणं एकाच वाक्यात आहेत, दोन्हींवरून उपचारात भेदभाव करायचा नाही. त्याच कायद्यात आपला प्रतिनिधी कोण हे साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा देऊन ठरवता येतं, तो नात्यातलाच हवा असं नाही. हे फक्त मानसिक उपचारांपुरतं आहे, बाकीच्या आजारांना लागू नाही. आणि कुणी डॉक्टर गे असणं ‘बरं करतो’ म्हणाला तर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असल्या उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय, हे त्याला सांग.

लग्नाचं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. त्यानंतर २०२४ च्या ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने एवढं स्पष्ट केलं की आपल्याला जोडीदाराबरोबर जॉइंट खातं काढायला आणि त्याला नॉमिनी करायला काही बंदी नाही. मी आणि माझी जोडीदार बँकेत ते पत्रक छापून घेऊन गेलो होतो. काउंटर उंच होता, मला टाचा उचलाव्या लागल्या, पण सही झाली.

---

शनिवार संध्याकाळ:

पुण्यातल्या ज्या ग्रुपबद्दल लिहिलंय तो आमचाच असावा, आणि ‘चौघं उचलून नेऊ’ हे बहुतेक मीच म्हणालो होतो. माफ कर. मला तेव्हा खरंच वाटलं की मी मदत करतोय.

आम्ही वर्षानुवर्षं पोस्टरवर ‘सर्वांचं स्वागत’ लिहितो आणि जिना चढून वर जातो. पुण्यात समलिंगी लोकांसाठीच्या समपथिक ट्रस्टचं काम २००२ मध्ये सुरू झालं, २०११ ला पहिला प्राइड मोर्चा निघाला, मी त्यात चाललो होतो, चाललो हा शब्द आज लिहिताना वेगळाच वाटतोय. इतक्या वर्षांत आमच्या मीटिंगला व्हीलचेअरवरचं कोणी आलं नाही आणि आम्ही समजत होतो की तसं कोणी नसेलच.

तुझी पोस्ट वाचून काल दोघं जण टेप घेऊन फिरलो. एका लायब्ररीचा तळमजला मिळतोय. दार ९० सेंटिमीटर भरलं, चालेल. बाहेर सहा इंचाची एक पायरी आहे, त्याला एकास बारा उताराने सहा फुटांचा रॅम्प लागतो, फळीचा करून घेतोय, लोखंडी चौकट खाली. संडास अडचणीचा आहे, खुर्ची आत जाते पण दार लागत नाही, त्यावर अजून उपाय सापडला नाही, हे तुला आधीच सांगतो म्हणजे तिथे आल्यावर पंचाईत नको. खुणांच्या भाषेच्या दुभाषांनाही विचारलंय, एका मुलीने कळवलं की तिचा कर्णबधिर भाऊ येईल म्हणतो, पण बहीण दुभाषी म्हणून समोर असेल तर तो काय बोलणार? म्हणून दुसरा दुभाषा शोधतोय, वर्गणी काढून मानधन देऊ. आणि स्टेशनवर आम्ही घ्यायला येऊ, उचलायला नाही, तू सांगशील तसं. दादा सोबत असेल तर त्याला तू हवं ते सांग, लायब्ररीत कार्यक्रम आहे हे तर खरंच आहे.

---

२२ वर्षे या कामात:

गोदाकाठची ताई, काल रात्रभर तुमचं लिहिलेलं डोक्यात होतं. वॉर्डनबाईंच्या जागी मी असतो तर मीही फोन केला असता, हे कबूल करतो. जाहीर शिबिरात विषय काढायची हिंमत अजून माझ्यात नाही. पण आमच्या वॉर्डन आणि शिक्षकांसाठी बंद खोलीत एक दिवस ठेवतो. तुम्ही याल का?

---

गोदाकाठची:

येते. तारीख कळवा.

---

कोयनाकाठ (तीन आठवड्यांनी):

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, कारण शिकत होतो. पट्टा आमच्या आळीतल्या शिंपीकाकांनी शिवला, चमच्यासाठी हवाय म्हणून सांगितलं आणि ते खोटं नाही, काल आमटी-भात स्वतःच्या हाताने खाल्ला, अर्धा सांडला, आई रडली. फॉइलची युक्ती दुसऱ्या दिवशी जमली. एक ओळ लिहायला चार मिनिटं लागतात. डोंबिवलीच्या दादाशी रोज रात्री थोडं बोलणं होतं, आता तो बोलतो आणि मी लिहितो.

पुण्याच्या मीटिंगचं अजून ठरवलं नाही. संडासाचं दार लागलं की सांगा. दादाला काही सांगितलेलं नाही, पण काल त्याने विचारलं की ते स्टायलस कशाला मागवलंस, म्हटलं मला माझं माझं लिहायचंय. तो ‘बरं’ म्हणाला आणि पडद्याच्या बाहेर जाऊन बसला.

ही पूर्ण पोस्ट बोटाने, म्हणजे पट्ट्याने लिहिलीय. आई इथेच आहे, दोन हातांवर, मेथी निवडतेय.