डिझायरची डिकी, बोलेरोची फट

मारुतीच्या डिझायरची डिकी कुऱ्हाडीनं तोडल्यासारखी दिसते आणि महिंद्राची बोलेरो कुरूप आहे, असं कुणीतरी लिहिलंय. त्यातलं डिकीचं पटलं. पण तो डिझायनरच्या नजरेचा दोष नाही. 2006 पासून 4 मीटरच्या आतल्या, लहान इंजिनच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. 2008 ची डिझायर 4160 मिमी होती, 2012 ची 3995. कात्री लागली ती डिकीला.

बोलेरोला कुरूप म्हणणं मात्र मला मान्य नाही. टायर आणि मडगार्डमधली जी फट डोळ्यांत खुपते, तिचं काम पावसाळ्यात पांदणीवर, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, कळतं. आपली काळी माती टायरला थरावर थर चिकटते. फट कमी असली की ही माती मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला घासते, क्लिपा तुटतात, अस्तर चाकात ओढलं जातं. हात आत जाईल एवढी जागा असली की पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काडीनंही चिखल खरवडता येतो.

सपाट दार चेपलं तर तालुक्याचा डेंटिंगवाला आतून ठोकून सरळ करतो. दारावर धारदार घडी असली की ती रेघ सहसा पुन्हा जुळत नाही, मग पुट्टी भरावी लागते. थर जाड झाला की उन्हात तीच तडकते.