शब्दचर्चा : धडधाकट, दिव्यांग, मानधन आणि 'आंधळं दळतं'

मूळ प्रश्न : मुद्रितशोधक, पंचवटी

शहरातल्या चित्रकार, अक्षरचित्रकार आणि डीटीपीवाल्यांसाठी एक आठ पानी पुस्तिका छपाईला निघाली आहे. संगणकाकडून चित्रं काढून घेण्याची सोय झाल्यापासून हातच्या कामाचे दर का पडले, हा विषय. भाषा तपासताना दोन जागी अडलं आहे.

पहिली जागा मुखपृष्ठावरच्या मथळ्याची : 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं'. कष्ट एकाचे, फायदा दुसऱ्याचा, हा अर्थ सगळ्यांना शाळेपासून पाठ. कंपन्यांनी नेटवरची चित्रं न विचारता उचलली आणि त्यांवर यंत्राला शिकवलं, त्याला ही म्हण चपखल बसते. पण पुस्तिकेचं पाचवं पान अपंग कलाकारांवर आहे. या दोन गोष्टी एकत्र नांदतील का?

दुसरी जागा त्याच पाचव्या पानावर. इंग्रजी 'एबलिझम'साठी, म्हणजे धडधाकट शरीरच प्रमाण मानून अपंगांना डावलण्यासाठी, 'सक्षमतावाद' घातला आहे. व्याकरणात बसतो, पण वाचून काही उमगत नाही. 'सक्षम' म्हटलं की योजनांच्या जाहिरातीच आठवतात. बरा शब्द सुचवा. आणि अपंग, विकलांग, दिव्यांग यांतला कोणता ठेवावा?

निवृत्त मराठी शिक्षक, कॉलेज रोड

म्हण काढा, ताई. अपंग वाचकाला वाईट वाटेल हे एक कारण झालंच, पण म्हणीतला तर्कच चुकीचा आहे.

दळण हे मुळात डोळ्यांचं काम नाही. एक हात खुंट्यावर, दुसऱ्या हाताने जात्याच्या तोंडात मूठ मूठ वैरण, म्हणजे दळायचं धान्य, सोडायची. दाणे संपत आले की घरघर बदलते, दगडावर दगड घासल्याचा कोरडा आवाज येतो. ते कानाला कळतं. वैरण जास्त पडली तर पीठ भरड निघतं, कमी पडली तर दगडाची कच पिठात उतरते. पीठ जाड की बारीक हे अंगठा आणि तर्जनीत चोळून बघायचं. डोळस बाईही तसंच बघते. पहाटेच्या अंधारात घरोघरी दळणं होत होती ती याच जोरावर. म्हणजे दळणारीला दिसत नाही, याने दळणाचं काही बिघडत नाही. बिघडलं ते दार उघडं राहिलं म्हणून, पीठ भरून घ्यायला शेजारी कुणी बसलं नाही म्हणून. म्हण त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. सगळा दोष डोळ्यांच्या माथी मारते.

तुमच्या पुस्तिकेत तोच दोष चित्रकारांच्या माथी येईल. तुम्ही बेसावध राहिलात, तुम्हाला दिसलं नाही. खरं तर त्यांना दिसत होतं, विचारलं मात्र कुणी नव्हतं.

त्याऐवजी 'आयत्या पिठावर रेघोट्या' घ्या. पीठ तेच राहतं, पण बोट रेघोट्या ओढणाऱ्याकडे जातं. चित्रांचा विषय असल्यामुळे 'रेघोट्या' शब्द तर फारच नेमका बसतो.

आता 'एबलिझम'. मराठीत याचं मूळ 'धड' या शब्दात सापडतं. धड म्हणजे शरीराचा मधला भाग, आणि धड म्हणजे नीट, न फाटलेलं. अंगावर धड कपडा नाही, धड उत्तर देत नाही, ना धड इकडे ना धड तिकडे. त्यातूनच धडधाकट. ज्याचं शरीर ठरलेल्या मापाचं तो 'नीट', बाकीचे आपोआप फाटके, हा निवाडा या दोन अक्षरांत आधीच झालेला आहे. म्हणून शब्द इथूनच घ्यावा.

प्रत्ययाकडेही बघा. हिंदी पूंजीवाद म्हणते, मराठी भांडवलशाही म्हणते. नोकरशाही, घराणेशाही, झुंडशाही हेही तसेच. 'वाद' म्हटलं की कुणाचं तरी मत वाटतं, 'शाही' म्हटलं की चालू असलेली राजवट. सभागृहाच्या व्यवस्थापकाने मनातली अढी काढून टाकली, तरी दारातल्या तीन पायऱ्या तिथेच राहतात. तेव्हा 'धडधाकटशाही'. लांब आहे, पण ऐकताक्षणी कळतो.

वेबसाइटची सुगम्यता तपासणारी, सातपूर

सर, शब्द पटला. वेबसाइट अपंगांना वापरता येते का, हे तपासणं माझं काम. तो नुसता घोषणेसारखा राहू नये म्हणून पाचव्या पानावर सोबत ठोस उदाहरणं द्या. बँकेचं केवायसी मोबाइलवर करताना 'डोळे मिचकावा' अशी सूचना येते. जो मिचकावू शकत नाही तो यंत्राच्या लेखी जिवंतच नाही. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्यांनी याविरुद्ध दाद मागितली. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा गाठता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. दुसरं उदाहरण कॅप्चाचं : वाकडी अक्षरं ओळखा, सोबत आवाजाचा पर्याय नाही. तिसरं, चित्रकारांच्या ओळखीचं. कामं वाटणाऱ्या ॲपवर ऑर्डर झटपट स्वीकारली नाही तर क्रमवारी घसरू शकते. एका बोटाने किंवा बोलून टाइप करणाऱ्याचं चित्र कितीही उत्तम असो, तो त्या घाईतच बाद होतो. कामाचं मोल हाताच्या वेगावर ठरवलं जातं, तिथे भांडवलशाही आणि धडधाकटशाही एकाच गल्ल्यावर बसलेल्या असतात.

अपंग की दिव्यांग याचा निर्णय जागेप्रमाणे घ्या. १९९५ च्या कायद्याच्या नावात 'अपंग व्यक्ती' होतं आणि त्यात सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आले. 'दिव्यांग' हा शब्द पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मध्ये सुचवला आणि तो सरकारी कागदोपत्री रुळला. महाराष्ट्रात २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे. तेव्हा प्रमाणपत्र, योजना, राखीव जागा असा कायद्याचा संदर्भ असेल तिथे 'दिव्यांग'च लिहा, नाहीतर वाचकाला अर्जातला रकाना सापडणार नाही. चर्चेच्या मजकुरात 'अपंग' ठेवा. चळवळीतले अनेक जण तोच शब्द ठामपणे वापरतात. दिव्य अंग म्हटल्याने रॅम्प मिळत नाही, अशी त्यांची तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. 'विकलांग' मराठीत कमी बोलला जातो, तो गाळा.

तुमच्या मसुद्यात तिसऱ्या पानावर 'मानधन' शब्द सहा वेळा आला आहे. माझ्या मते 'दिव्यांग' आणि 'मानधन' यांची घडण एकच आहे. देणं लागतं तिथे मान पुढे केला जातो. गवंड्याला मजुरी, वकिलाला फी आणि चित्रकाराला मानधन. मजुरी थकली तर मागता येते. मानधन मागायला गेलं की मागणाराच हलका ठरतो. अपंग कलाकाराच्या वाट्याला तर मान दुपटीने येतो आणि पैसे निम्मे. शाल-श्रीफळ घेऊन घरी जायचं, बिल लावायचं नाही.

निवृत्त मराठी शिक्षक, कॉलेज रोड

याला जुना उतारा मराठीतच आहे. घडणावळ, शिवणावळ, करणावळ, लिहिणावळ. केलेल्या कामाचे दाम, एवढाच अर्थ, त्यात उपकार नाही. सोनाराकडे घडणावळ विचारताना कुणी लाजत नाही. त्याच चालीवर 'चितारणावळ' करता येईल. नवा आहे, पण कानाला परका लागत नाही.

भांडी व्यवसायातले, भद्रकाली

घडणावळीचा विषय निघाला म्हणून. तांब्या-पितळेची भांडी मठारताना पत्रा खालच्या लोखंडी आधारावर धरून एकसारखे ठोके द्यावे लागतात. ठोक्याने पत्रा कडक होतो आणि अंगावर ती चमकती नक्षी उठते. दोन ठोके एकमेकांवर चढले तर डाग दिसतो, अंतर राहिलं तर भांडं झोल खातं. हात किती नेमका बसला ते कारागीर आवाजावरून ओळखतो, आणि तोच आवाज वर्षानुवर्षं त्याचे कान घालवतो. 'कानठळ्या बसणे' हा वाक्प्रचार इथे अक्षरशः खरा आहे.

कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि आवाजाने येणारा बहिरेपणा कळवण्याजोग्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. पण कारखान्यांचा कायदा ठरावीक संख्येइतके कामगार असले तरच लागू होतो. चार माणसांचा कारखाना त्यात येतच नाही. काम करून माणूस बहिरा होतो आणि मग त्यालाच 'निकामी' म्हणतात. तो शब्दही पुस्तिकेत कुठे असेल तर काढा. माणसाला लावायचा शब्द नाही तो.

डीटीपी, रविवार कारंजा

शब्द बदलून झाले की फाइलकडे बघा, ताई. मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये असेल तर अंध वाचकाला यातलं काहीच ऐकू जाणार नाही. त्या फाँटमध्ये डोळ्यांना 'मराठी' दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात. कृतिदेवमधलं 'मराठी' स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, 'ई, जे, के, बी, एच' असं वाचतो. आठ पानं तशीच.

आधी युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे संकेत असलेल्या पद्धतीत, रूपांतर करा. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. कन्व्हर्टर इथेच घसरतो. 'मूर्ती'चं 'मूतीर्' होतं, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या'. म्हणून रूपांतरानंतर सगळे रफार आणि सगळे 'ऱ्य' शोधून एकेक डोळ्यांखालून घाला. स्पेलचेकवर सोडू नका, मराठीचे विभक्ती लागलेले शब्द तो बरोबर असले तरी चूक दाखवतो.

दुसरी अडचण छापखान्याची. फाँट हलू नये म्हणून आपण फाइल कर्व्हज करून देतो. त्या क्षणी अक्षरांचं चित्र होतं आणि मजकूर संपतो. छपाईसाठी कर्व्हजची प्रत वेगळी ठेवा आणि व्हॉट्सॲपवर फिरणारी प्रत मजकुराची, शीर्षकांना टॅग लावलेली पीडीएफ करा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि त्यात ईस्पीकचा मराठी आवाज आहे. स्क्रीन बंद करून आठही पानं एकदा ऐका. दोन स्तंभांच्या पानावर वाचन डावीकडून उजवीकडे उडी मारतं का, ते ऐकल्याशिवाय कळत नाही.

वेबसाइटची सुगम्यता तपासणारी, सातपूर

चित्रवर्णनंही विसरू नका, स्क्रीन रीडर चित्राच्या जागी तीच वाचून दाखवतो. एक-दोन वाक्यं पुरतात. 'चित्र' किंवा 'फोटो' या शब्दाने सुरुवात करू नका, ते चित्र असल्याचं यंत्र आधीच सांगतं. नुसती शोभेची वेलबुट्टी असेल तर वर्णन रिकामं सोडा. 'पैठणीचा पदर' एवढ्याने काही कळत नाही. 'जरीच्या पदरावर समोरासमोर दोन मोर, खाली विणणाऱ्याची बोटं' हे वर्णन झालं. हेही लेखनच आहे, कोटेशनमध्ये त्याची ओळ वेगळी आणि दर नगावर लावा.

एक दुरुस्ती मथळ्याबद्दल. 'आयत्या पिठावर रेघोट्या' सरसकट यंत्र वापरणाऱ्या प्रत्येकाला चिकटवू नका. बोलून टाइप करणारा, यंत्राकडून फोटोचं वर्णन ऐकणारा अंध वाचक, हात चालत नसल्यामुळे आराखडा यंत्राकडून काढून घेणारा चित्रकार, हे पीठ लाटायला बसलेले नाहीत. बोट कंपनीकडे राहील असं उपशीर्षक द्या.

मुद्रितशोधक, पंचवटी

सर्वांचे आभार. मथळा बदलला : 'आयत्या पिठावर रेघोट्या', खाली 'चित्रं आमची, परवानगी कुणी दिली?' पाचव्या पानावर 'धडधाकटशाही' आणि लगेच पुढच्या वाक्यात केवायसीचं उदाहरण. 'मानधन' सहाही ठिकाणी काढलं. चार ठिकाणी 'मोबदला' बसला, दरपत्रकात 'चितारणावळ' घेतली. 'निकामी' दुसऱ्या पानावर एकदा सापडला, तो गेला.

मजकूर कृतिदेवमध्येच होता. रूपांतरानंतर रफाराच्या एकवीस चुका निघाल्या, त्यातल्या तीन दरपत्रकात. मुखपृष्ठाचं वर्णन असं केलं आहे : 'जात्याभोवती पडलेलं पीठ, खुंट्यावर एका बाईचा हात, आणि पिठात रेघोट्या ओढणारं दुसऱ्याच कुणाचं तरी बोट.' यात काही कमी-जास्त असेल तर सांगा.