पिवळ्या बांबूच्या काठ्या बारीकच राहताहेत

प्रश्न: इंदूर, काळी माती. कंपाउंडच्या भिंतीपासून चार फुटांवर हिरव्या पट्ट्यांचा पिवळा बांबू लावून दोन पावसाळे झाले. काठ्या अंगठ्याएवढ्याच आहेत, पावसात पानंही पिवळी पडली. बारीक काठ्या छाटल्या तर उरलेल्या जाड होतील का? पुढे वेलांच्या मांडवाला वापरायच्या आहेत.

उत्तर १: छाटू नका! बांबूची काठी जमिनीतून जेवढी जाड निघते तेवढीच राहते. दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठते, नंतर फक्त टणक होते. पुढचा कोंब किती जाड येणार हे कंदात साठलेल्या अन्नावर ठरतं, आणि ते अन्न याच बारीक काठ्यांची पानं तयार करतात. वाळलेल्या तेवढ्या काढा. खरी जाडी चौथ्या-पाचव्या वर्षापासून दिसू लागेल.

उत्तर २: पावसात पानं पिवळी म्हणजे बहुतेक मुळांशी पाणी तुंबतंय. बेटापासून तीन फुटांवर फूटभर खोल चर काढून उताराकडे वळवा. नुसत्या खड्ड्यात वाळू भरू नका. भोवतीची काळी माती पाणी सोडत नाही, खड्ड्याची टाकी होते. जूनच्या सुरुवातीला दहा-पंधरा किलो कुजलेलं शेणखत घाला, कोंब दिसू लागले की बुंध्याशी खणणं बंद. उन्हाळ्यात ही माती भेगाळते आणि बारीक मुळं तुटतात, म्हणून चार इंच पालापाचोळा हवाच. बांबूची गळलेली पानं झाडून टाकू नका, तेच उत्तम आच्छादन.

उत्तर ३: हा बेट करणारा बांबू आहे, दूरवर धावत नाही. पण चाळीस-पन्नास फूट वाढतो, त्याला चार फूट कमीच. भिंतीकडचे कोंब फूटभर असतानाच मोडा. वर विजेची तार असेल तर जागाच बदला.

तोड तीन वर्षांवरच्या काठीची, नोव्हेंबर ते जानेवारीत. नव्या काठीवर पांढरी भुकटी आणि पेरांना चिकटलेली कोशपत्रं (कोंबाभोवतीची सुकी वेष्टनं) दिसतात, ती सोडा. जमिनीलगतच्या पहिल्या पेराच्या गाठीच्या अगदी वर कापा. वर लांब खुंट ठेवला तर त्यात पाणी साचून कुजतं.

या जातीत पिष्ट (स्टार्च) भरपूर, त्यामुळे भुंगा लवकर लागतो. कापलेल्या काठीला बोरॅक्सचं (कीड रोखणाऱ्या क्षाराचं) पाणी देता येतं, पण उघड्यावर ते पावसाने धुऊन जातं. मांडवासाठी मानवेल जातीचा बांबू घ्या, काठी जवळजवळ भरीव असते. पिवळा शोभेलाच ठेवावा.

प्रश्नकर्ता: चर भिंतीच्या बाजूनेही काढू का?

उत्तर २: नको, पाया ओला राहील. बागेच्या बाजूनेच काढा.