पिल्किंग्टन कप १९९५-९६: शेवटच्या मिनिटांतला तो पेनल्टी ट्राय बरोबर होता का?

(रग्बी मंचावरची चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

गोलरेषा

४ मे १९९६, ट्विकनहॅम. इंग्लंडच्या रग्बी क्लब कपची (पिल्किंग्टन कपची) फायनल, बाथ विरुद्ध लेस्टर. मोजकी मिनिटं उरली होती आणि लेस्टर १५-९ ने पुढे. मॅलोन आणि पूल असे लेस्टरचे दोन ट्राय (चेंडू गोलरेषेपार नेऊन टेकवणं, ५ गुण), बाथचा एकही नाही. बाथचे फॉरवर्ड गोलरेषेवर धडका मारत होते, लेस्टरवाले नियम मोडून चेंडू अडवत होते. रेफरी स्टीव्ह लँडर यांनी पेनल्टी ट्राय दिला, म्हणजे लेस्टरच्या गैरखेळामुळे हुकलेला ट्राय बाथला बहाल केला. ५ गुण मिळून १५-१४. मग पोस्टसमोरून जॉन कॅलार्डचं कन्व्हर्जन (ट्रायनंतरची २ गुणांची किक), १६-१५, आणि कप बाथकडे.

माझ्या मते निर्णय चुकला. चेंडू आणि रेषा यांच्यामध्ये लेस्टरची माणसं उभी होती, ट्राय झालाच असता असं छातीठोकपणे कोण सांगणार? वारंवार नियमभंगावर उपाय वेगळा आहे: आधी ताकीद, मग पुढच्या गुन्हेगाराला बाहेर. तो रस्ता असताना अख्खी फायनल फिरवणारा निर्णय द्यायचा म्हणजे अन्याय.

लूजहेड

असहमत. "झालाच असता" हे शब्द नियमात नाहीतच. बचाव करणाऱ्या संघाने गैरखेळ केला नसता तर ट्राय *बहुधा* झाला असता, एवढीच अट आहे, १९९६ मध्येही हीच होती. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. संशयाचा फायदा फलंदाजाला हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की प्रत्येक निर्णयात खात्री शोधतो. रग्बीत इथे संशयाचा फायदा नियम मोडणाऱ्याला मिळत नाही.

आता लेस्टरच्या जागी उभे राहून हिशेब करा. ६ गुणांची आघाडी. बाथला साधी पेनल्टी मिळाली आणि पोस्टमधून किक मारून ३ गुण घेतले तर १५-१२, म्हणजे उपयोग शून्य. त्यामुळे बाथ पोस्टकडे मारणार नाही; टॅप करेल (पायाने चेंडू टेकवून लगेच खेळेल), स्क्रम (दोन्ही संघांच्या फॉरवर्डांची ढकलाढकल) घेईल किंवा टचला, म्हणजे मैदानाबाहेर मारून लाइनआउट (बाहेरून चेंडू आत फेकणं) घेईल. प्रत्येकात चेंडू पुन्हा तिथेच, दोन-चार मीटरवर. लेस्टरने पुन्हा चेंडूवर पडायचं, पुन्हा शिट्टी, घड्याळ मात्र पुढे. अशा अवस्थेत नियम मोडणं हाच सर्वांत स्वस्त बचाव ठरतो. पेनल्टी ट्राय नेमका हा हिशेब मोडायला आहे.

टचजज

लूजहेड, हिशेब पटला, निष्कर्ष नाही. तुम्ही दोन कलमांची सरमिसळ करताय. पेनल्टी ट्राय *त्या एका कृतीसाठी* असतो. आधीचे चार गुन्हे जोडून पाचव्याला शिक्षा वाढवायची असेल, तर त्याला वारंवार नियमभंगाचं कलम आहे. पाच साध्या पेनल्ट्यांची बेरीज म्हणजे एक ट्राय, असं कुठेही लिहिलेलं नाही.

हे मान्य की तेव्हा रेफरीच्या हातात मधलं हत्यार नव्हतं. दहा मिनिटं बाहेर बसवायची सोय असती तर पिवळं कार्ड दाखवून प्रश्न सुटला असता. एकीकडे साधी पेनल्टी, दुसरीकडे कायमचं बाहेर काढणं, मध्ये मोकळी जागा. पण हत्यार नाही म्हणून दुसऱ्या कामाचं हत्यार उचलायचं का?

आठ नंबर

इथे सगळे कायद्यावर बोलताहेत, मातीवर कोणी येत नाही. रेषेजवळचा मॉल आणि रेषेजवळचा रक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मॉलमध्ये चेंडू हातात असतो, आठ जण एका गठ्ठ्याने ढकलतात, गठ्ठा सरकत असतो. एकाने तो बाजूने ओढून पाडला तर रेफरीने चार गोष्टी बघायच्या: मॉल सरकत होता का, रेषा किती जवळ, चेंडू मागच्या माणसाच्या ताब्यात होता का, आणि समोर नियमात राहून ढकलणारे पुरेसे बचावपटू होते का. चारही गोष्टी हल्ला करणाऱ्याच्या बाजूने असतील तर पेनल्टी ट्राय देताना हात कचरू नये.

रकमध्ये चेंडू जमिनीवर, दोन्हीकडचे त्याच्यावरून एकमेकांना ढकलतात. बचावपटू चुकीच्या बाजूला पडून राहतो, हात घालतो, किंवा चेंडूपर्यंत येणाऱ्याला जर्सी धरून मागे ओढतो. गुन्हा उघड असतो, पण चेंडू सुटल्यावरही कोणीतरी तो उचलून रेषेपार न्यायचा असतो. तो टॅकल होऊ शकतो, चेंडू हातातून निसटू शकतो. म्हणून रकमधल्या गुन्ह्यावर "बहुधा" सिद्ध करणं अवघड.

तरीही एक गोष्ट बाथच्या बाजूने जाते. रेषेपासून मीटरभरावर चेंडू *लगेच* मिळाला तर बचावाची रांग उभी राहिलेली नसते. खाली वाकून चेंडू उचलायचा आणि खांदा घालून पुढे पडायचं, एवढंच काम. तोच चेंडू दोन-तीन सेकंद दाबून धरला की दोन्ही बाजूंना माणसं गुडघ्यात वाकून तयार. ट्रायची संधी मारली जाते ती त्या दोन-तीन सेकंदांत.

लूजहेड

आठ नंबर, हेच म्हणायचं होतं, तुम्ही नीट मांडलंत. टचजज, म्हणूनच आधीचे गुन्हेही महत्त्वाचे. त्यांची बेरीज करायची नाही, पण ते पुरावा आहेत. एक संघ पुन्हा पुन्हा नियम मोडूनच चेंडू थांबवतोय, याचा अर्थ नियमात राहून तो थांबत नाहीये. "बहुधा" ठरवायला याहून चांगला आधार कोणता?

वेलफर्ड रोड

शेवटची शिट्टी होताच लेस्टरचा फ्लँकर नील बॅक याने लँडर यांना ढकलून खाली पाडलं. त्याला सहा महिन्यांची बंदी झाली. बाथचा अँडी रॉबिन्सन समजून ढकललं, असं त्याने सांगितलं होतं. या प्रसंगामुळे पेनल्टी ट्रायवर शांतपणे बोलणंच बंद झालं. रेफरीला हात लावणं अक्षम्य, त्यावर दुमत नको. पण बॅक चुकला म्हणून लँडर बरोबर ठरत नाहीत, आणि लँडर चुकले असं मानलं तरी बॅकची शिक्षा एका दिवसाने कमी व्हायला नको.

लेस्टरच्या समर्थकांना इतकं का लागलं, तेही बघा. त्याच मोसमात लीग बाथने जिंकली आणि लेस्टर एका गुणाने दुसरं राहिलं. लीग एका गुणाने, कपही एका गुणाने.

(अवांतर: खेळ ऑगस्ट १९९५ मध्ये व्यावसायिकांना खुला झाल्यानंतरचा हा पहिलाच मोसम. फायनलनंतर चार दिवसांत हेच बाथ मँचेस्टरला विगनविरुद्ध रग्बी लीगच्या (तेरा जणांच्या वेगळ्या रग्बी प्रकाराच्या) नियमांनी खेळलं आणि ८२-६ ने हरलं. महिनाअखेर ट्विकनहॅमला युनियनच्या (आपल्या पंधरा जणांच्या रग्बीच्या) नियमांनी ४४-१९ ने जिंकलं. नियम बदलले की तोच संघ किती वेगळा दिसतो!)

गोलरेषा

"खात्री" हा शब्द मागे घेतो. लूजहेड यांचं पुराव्याचं म्हणणंही पटतंय.

पण आठ नंबर यांनी रकबद्दल जे लिहिलं त्यावर मी अडलोय. रेफरीला एका क्षणात ठरवायचं होतं, मैदानाबाहेर रिप्ले बघून सांगणारा टीव्ही रेफरी नव्हता. अशा वेळी रकमध्ये कसोटी कडक लावावी, हे मत कायम.

टचजज

आजचा नियम लावून बघा. २०१७ पासून पेनल्टी ट्रायचे थेट ७ गुण, कन्व्हर्जन मारायचंच नाही, वर गुन्हेगाराला किमान पिवळं कार्ड. १९९६ मध्ये कॅलार्डला निदान एक किक तरी मारावी लागली. सोपी होती, पण फायनलमध्ये एका गुणाने मागे असताना, सगळं स्टेडियम बघत असताना मारायची होती. आज १५-९ चं थेट १६-१५ झालं असतं.

लूजहेड

आणि लेस्टरचे चौदाच उरले असते. त्यामुळे आज त्या जागी चेंडूवर पडताना बचावपटू दोनदा विचार करतो. १९९६ मध्ये त्याला विचार करायला लावणारी एकच गोष्ट होती, ती लँडर यांनी वापरली.

आठ नंबर

मॉल असता तर मीही डोळे मिटून दिला असता. रक असेल तर चेंडू नेमका कितव्या सेकंदाला अडवला, ते बघितल्याशिवाय माझं मत राखून ठेवतो.