कॅमेऱ्याची गोळी कोकणात गिळवायची का?

खाडीकाठ
तोंडातून आणि गुदद्वारातून दोन्ही दुर्बिणी झाल्या, तरी हिमोग्लोबिन घसरतंच आहे, म्हणजे आत कुठेतरी रक्त जातंय. मग उरतं मधलं लहान आतडं, आणि तिथे कॅप्सूल एंडोस्कोपी, म्हणजे फोटो काढत जाणारी कॅमेऱ्याची गोळी गिळायची. त्यासाठी पेशंटला घाट चढायला लावण्यापेक्षा गोळी कणकवली-चिपळुणात गिळवा, फोटो तज्ज्ञ कुठेही बसून वाचतील. २६ मिमी लांब, ११ मिमी जाड, वजन ४ ग्रॅमच्या आत. पोटावर सेन्सर, कमरेला रेकॉर्डर. भूल नाही, काही नाही.

घाटमाथा
गिळवणं सोपं हो, अडकली तर? दोन आठवड्यांत शौचावाटे पडली नाही तर अडकली म्हणायचं. एकंदरीत शंभरात एक-दोन, क्रोन्सच्या (आतड्याला सतत सूज आणणारा आजार) पेशंटमध्ये जास्त. शिवाय आपल्याकडे आतड्याचा टीबी आहेच, त्यानेही वाट अरुंद होते. वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या खाणाऱ्यांच्या आतड्यात पातळ पडदे तयार होतात, ते सीटीतही निसटतात. गोळी आत असेपर्यंत एमआरआय बंद. सर्जन हाताशी नसेल तिथे हा उद्योग नको.

खाडीकाठ
म्हणून तर आधी चाचणीची गोळी द्यायची. माप तेच, आत लॅक्टोज आणि बेरियम. साधारण ३० तासांनी विरघळू लागते. त्याआधी अखंड पडली तर वाट मोकळी. आणि अडकलेली गोळी बहुतेकदा गुपचूप बसून राहते, रात्री धावपळ क्वचितच.

सोल्डरिंगवाला
दोघेही बॅटरी विसरताय. ही कल्पना गॅव्रिएल इद्दान या इस्रायली इंजिनिअरची, मूळचं काम क्षेपणास्त्राच्या 'डोळ्या'चं. कमी वीज खाणारी, फोटो टिपणारी सीमॉस चिप आली म्हणून कॅमेरा गोळीत मावला. सुरुवातीच्या गोळीत सिल्व्हर ऑक्साइडचे दोन बटणसेल, प्रत्येकी १.५५ व्होल्ट, आणि तेवढ्यावर आठ तास काढायचे. म्हणून एलईडी सतत पेटत नाहीत, फोटोपुरते लुकलुकतात. सेकंदाला दोन फोटो म्हणजे आठ तासांत ५७,६०० झाले. जुन्या डायबेटिसवाल्याच्या जठरात गोळी तीन तास लोळत राहिली तर लहान आतडं संपण्याआधीच अंधार. तासाभराने रेकॉर्डरच्या पडद्यावर बघा. जठरातच असेल तर पुढे सरकवायचं औषध, नाहीतर दुर्बिणीने ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या तोंडाशी, सोडणं. म्हणजे दुर्बीणवाला त्या दिवशी गावात हवाच.

निळी लाट
फोटो खराब येतात ते बहुधा आदल्या दिवशीच्या जेवणामुळे. "फक्त पातळ घ्या" म्हटलं की इकडे पेज पितात; उकड्या तांदळाची शितं कॅमेऱ्यासमोर तरंगतात. सोलकढीही नको, नारळाचं दूध पारदर्शक नाही. शहाळ्याचं पाणी चालेल. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी बंद, नाहीतर आतडं काळंच दिसतं. संध्याकाळी पोट साफ करणारं पीईजी दोन लिटर, सकाळी फेस मारायला सिमेथिकोन. गिळल्यावर दोन तासांनी पाणी, चार तासांनी हलकं खाणं.

घाटमाथा
चाचणीची गोळी, दुर्बीणवाला, सर्जन हे तिन्ही असतील तर माझी हरकत गेली. पण पावसाळ्यात एवढे फोटो कुठल्या नेटवर चढवणार?

खाडीकाठ
पेनड्राइव्ह, आणि एसटीचं पार्सल.