प्रति: तालमीवरचा माहितीपट

लालबागच्या बंद पडत आलेल्या कुस्तीच्या तालमीवर दहा मिनिटांचा माहितीपट करायचाय, सुरुवात मुलाखतींनी करू का, असं तुम्ही विचारलंत. मुलाखती नंतर. आधी पहाटे पाचला आखाड्यात जा. ताक, तेल, हळद, लिंबू घालून लाल माती खणतात, तेव्हा फावड्याचा ओला आवाज आणि माखलेले हात जवळून टिपा. पंखा मात्र बंद करा, नाहीतर माइकमध्ये घरघर येते.

तालीम ओस का पडली हे सांगायलाच हवं. सातारा-कोल्हापूरकडचे गिरणी कामगार पाळी सुटली की लंगोट बांधून उतरायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे गिरण्या थंडावल्या, माणसं पांगली. वस्तादांना खुर्चीत बसवू नका, पोरांना डाव शिकवताना दाखवा. माझे आजोबा अशाच मातीत खेळले. मदत लागली तर हक्काने हाक मारा.